न दिसणं आणि नसणं : वेगवान क्ष-किरण डिटेक्टरांची एक समीक्षा

मागच्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष या प्रमाणाविषयी बोललो होतो. शेवटी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, आजचे खगोलशास्त्रज्ञ डोळ्यांनी काहीच पाहत नाहीत, यंत्र पाहतं. मग त्यांचं ज्ञान प्रत्यक्ष म्हणायचं की अनुमान?" आम्ही उत्तर दिलं, पण ते पुस्तकातलं होतं. घरी गेल्यावर चैन पडेना. तीस-पस्तीस वर्षं वर्गात 'निरीक्षण सिद्धान्ताने भारलेलं असतं' हे हॅन्सनचं म्हणणं शिकवलं, त्यावर प्रश्नपत्रिका काढल्या, पेपर तपासले. पण ज्या यंत्रात निरीक्षण घडतं ते यंत्र उघडून आत काय चालतं हे कधी पाहिलं नाही. म्हणून आज एकच यंत्र घेऊन बसायचं ठरवलंय : अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणींवर बसवतात तो वेगवान डिटेक्टर. नाटकाची किंवा कादंबरीची समीक्षा करतात तशी त्याच्या रचनेची समीक्षा करायची. काय साधलंय, कशाची किंमत देऊन साधलंय, आणि आपण त्याचं कौतुक करतो ते योग्य गोष्टीचं करतो का.

आधीच सांगून टाकतो, आमचं मत असं आहे की आपण चुकीच्या गोष्टीचं कौतुक करतो. आपल्याकडच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाबद्दल वाचलं की एक आकडा हमखास भेटतो : दहा मायक्रोसेकंद. म्हणजे सेकंदाच्या एक लक्षाव्या भागापर्यंत काळ मोजणारा डिटेक्टर. आकडा खरा आहे आणि अभिमान वाटण्याजोगाही आहे. पण डिटेक्टरची खरी परीक्षा दुसऱ्याच आकड्यात असते, आणि तो आकडा वर्तमानपत्रात येत नाही. त्या दुसऱ्या आकड्याकडे यायला थोडा वेळ लागेल, तेवढा द्या.

पहिला प्रश्न, इतका वेग हवा कशाला? आकाशातले तारे तर युगानुयुगं तिथेच आहेत.

न्यूट्रॉन तारा घ्या. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान, आणि व्यास साधारण वीस किलोमीटर. पुणे शहरात मावेल. असा एखादा तारा नऊ हजार प्रकाशवर्षांवर असेल तर तो केवढा दिसेल? आम्ही कागदावर हिशेब केला. नेपच्यून ग्रहाच्या अंतरावर राजगिऱ्याचा एक दाणा ठेवला तर तो इथून जेवढा दिसेल, तेवढा. आजची कुठलीही क्ष-किरण दुर्बीण त्याचं चित्र काढू शकत नाही. चित्राचा रस्ता बंद. पण काळाचा रस्ता उघडा आहे. वीस किलोमीटर पार करायला प्रकाशाला सदुसष्ट मायक्रोसेकंद लागतात. त्या ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणारं द्रव्य सेकंदाला हजाराच्या आसपास फेऱ्या घालतं. म्हणजे तिथली भूमिती काळात लिहिलेली आहे. तिथून येणारा प्रकाश मिलिसेकंदात कसा लुकलुकतो हे नीट मोजता आलं, तर जागेचा अंदाज येतो. जे पाहता येत नाही ते ऐकता येतं, असं म्हणूया हवं तर. उपमा फार ताणायची नाही, पण आमच्या भाच्याने ती दिली आणि आम्हाला पटली.

हा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे. स्पंदनं मोजणारी सर्किटं बनवण्यात त्याची उमेद गेली. आजच्या व्याख्यानातलं जे बरोबर आहे ते निम्मं त्याचं आहे. चुका आमच्या. त्याने एकदा विचारलं होतं, "मामा, तुम्ही संख्या म्हणजे काय यावर तासभर बोलता. पण मोजणं म्हणजे काय हे कधी मोजून बघितलंत का?" तेव्हा राग आला होता.

तर मोजण्याकडे येऊ. क्ष-किरण दुर्बिणीत प्रकाश धारेसारखा येत नाही, थेंबाथेंबाने येतो. एकेक फोटॉन सुटा येतो, आणि डिटेक्टरने त्याची दखल घ्यायची : केव्हा आला, किती ऊर्जेचा होता, जमलं तर कुठे पडला. बरं, नुसते फोटॉन येतात असंही नाही. अवकाशात विश्वकिरणांचा, म्हणजे वेगवान प्रोटॉन वगैरे कणांचा सतत मारा असतो, आणि तेही डिटेक्टरमध्ये स्पंदन उठवतात. म्हणून या विद्येचा आरंभच नकारापासून झाला. १८ जून १९६२ च्या रात्री न्यू मेक्सिकोतून एरोबी जातीचं रॉकेट उडालं. जियाकोनी, गर्स्की, पाओलिनी आणि रॉसी या चौघांचा तो प्रयोग. शोधायचे होते चंद्रावरून येणारे क्ष-किरण. सापडला वृश्चिक राशीतला एक प्रखर स्रोत, ज्याला पुढे स्कॉर्पियस एक्स-१ म्हटलं गेलं. उपयोगी वेळ मिळाला जेमतेम सहा मिनिटं. जियाकोनींना २००२ साली नोबेल मिळालं, ते या वाटेच्या सुरुवातीसाठी. त्या रॉकेटमध्ये गायगर काउंटर होते हे सगळे सांगतात. त्यांच्याभोवती एक दुसरा पहारेकरी डिटेक्टर बसवला होता हे कमी जण सांगतात. काउंटर आणि पहारेकरी दोघांनाही एकाच क्षणी धक्का बसला, तर तो बाहेरून आरपार गेलेला भारित कण, तो मोजायचा नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी यंत्राला पाहायला शिकवण्याआधी काय पाहायचं नाही ते शिकवलं गेलं. हॅन्सनचं वाक्य आम्ही वर्गात सशाच्या आणि बदकाच्या चित्रावर समजावत होतो. या तारा जोडण्यात ते जास्त स्वच्छ दिसतं.

आता आपल्या मुंबईत बनलेलं यंत्र घेऊ. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेले तीन मोठे डिटेक्टर २८ सप्टेंबर २०१५ ला अ‍ॅस्ट्रोसॅटवरून गेले. लॅक्सपीसी हे त्यांचं नाव. रचना ऐकायला साधी आहे. एक मोठी बंद पेटी. तिच्यात दाब देऊन भरलेला झेनॉन वायू, दहा टक्के मिथेन. आत बारीक तारांचे पाच थर, तारांवर दोन हजार व्होल्टच्या वर दाब. क्ष-किरणाचा फोटॉन झेनॉनच्या अणूवर आदळला की इलेक्ट्रॉन सुटतात, ते तारेकडे ओढले जातात, तारेजवळ पोचताना आणखी अणू फोडतात, आणि शेवटी तारेवर मोजता येईल एवढी विजेची उसळी येते. उसळी जेवढी मोठी तेवढी फोटॉनची ऊर्जा जास्त. तीन बाजूंनी पहारेकरी कोठड्या आहेतच, १९६२ च्या परंपरेतल्या.

यातली एक गोष्ट ऐकून आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. फोटॉनची ऊर्जा साडेचौतीस किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर असेल, तर तो झेनॉनच्या सर्वात आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवतो. ती रिकामी जागा भरताना झेनॉन स्वतःच एक नवा क्ष-किरण सोडतो, आणि तो पलीकडच्या कोठडीत जाऊन शोषला जातो. परिणाम काय? आकाशातून आला एक फोटॉन, आणि पेटीत उसळ्या आल्या दोन, दोन वेगळ्या ठिकाणी. साध्या नियमाने दोन कोठड्यांत एकदम उसळी म्हणजे भारित कण, टाकून द्या. पण लॅक्सपीसीच्या रचनाकारांनी नियमाला अपवाद ठेवला. दोहोंपैकी एका उसळीची ऊर्जा जर झेनॉनच्या त्या ओळखीच्या किरणाएवढी असेल, तर ते दोन नव्हेत, एकच आहे. बेरीज करा आणि एक म्हणून नोंदवा.

बघा, हा किती मोठा निर्णय आहे. दोन दिसले, तरी एक म्हणायचं. हा निर्णय माणूस नंतर शांतपणे बसून घेत नाही, सर्किट तिथल्या तिथे घेतं. वैशेषिकांनी संख्या हा गुण मानला, आणि द्वित्व अपेक्षाबुद्धीतून उपजतं असं म्हटलं. 'हा एक, हा एक' असं पाहणाऱ्याने धरल्यावर 'दोन' उपजतात. आम्हाला ते नेहमी जरा ओढूनताणून वाटायचं. या पेटीत अपेक्षाबुद्धी तांब्याच्या तारांनी जोडलेली आहे. त्यात शंका घ्यायला जागा नाही.

आता तो दुसरा आकडा. लॅक्सपीसीला एक उसळी हाताळायला, तिची उंची मोजायला, नोंद करायला वेळ लागतो. सुमारे त्रेचाळीस मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात दुसरा फोटॉन आला तर त्याची नोंद होत नाही. इंजिनियर याला डेड टाइम म्हणतात. आपण मृतकाळ म्हणू. दहा मायक्रोसेकंद म्हणजे घड्याळ किती बारीक आहे ते. त्रेचाळीस म्हणजे पाहणारा किती वेळ डोळा मिटतो ते. पहिला आकडा जाहिरातीत येतो आणि दुसरा येत नाही, ही आमची तक्रार.

एसटीच्या गर्दीतला कंडक्टर आठवा. एकाला तिकीट देत असताना मागून दोघं चढले आणि पुढच्या थांब्यावर उतरूनही गेले, त्यांची तिकिटं निघाली नाहीत. गाडी रिकामी असेल तर फरक पडत नाही. गर्दी वाढली की पडतो. आकड्यात बघा. सेकंदाला हजार फोटॉन येत असतील तर त्रेचाळीस मायक्रोसेकंदांच्या मृतकाळामुळे साधारण चार टक्के हुकतात. दहा हजार येत असतील तर नोंद होते सात हजारांची. तीस टक्के गेले. आणि कंडक्टर दोन प्रकारचे असतात. एक, हातातलं तिकीट पुरं होईपर्यंत कोणी काही म्हणालं तरी ऐकतच नाही. दुसऱ्याला मधेच कोणी हाक मारली की तो पुन्हा पहिल्यापासून सुटे पैसे मोजायला लागतो. या दुसऱ्याच्या गाडीत गर्दी खूपच वाढली तर एकही तिकीट निघणार नाही. डिटेक्टरही या दोन जातींचे असतात. दुसऱ्या जातीत स्रोत जितका प्रखर होईल तितकी नोंद एका हद्दीनंतर कमी होत जाते. झगझगीत तारा यंत्राला मंद वाटतो. लॅक्सपीसी पहिल्या जातीचा आहे, आणि ही निवड विचारपूर्वक केलेली आहे, कारण पहिल्या जातीचा हिशेब नंतर सरळ उलटा करता येतो.

इथे आमच्या विषयातली एक जुनी चर्चा उपयोगी पडते. 'भूतलावर घट नाही' हे आपल्याला कशाने कळतं? कुमारिल भट्टांच्या मते अनुपलब्धी या स्वतंत्र प्रमाणाने. नैयायिकांच्या मते प्रत्यक्षानेच. धर्मकीर्तींच्या मते अनुपलब्धी हा अनुमानाचा हेतू. भांडण मोठं आहे, पण एका अटीवर तिघांचंही जवळपास एकमत आहे. घट तिथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, मधे आडोसा नको. ही योग्यता नसेल तर न दिसण्यावरून नसणं सिद्ध होत नाही. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असं कोणी म्हणत नाही.

मृतकाळ म्हणजे अंधारी खोली. पण शास्त्रकारांच्या खोलीत आणि या खोलीत एक फरक आहे, आणि तो आम्हाला कुठल्या जुन्या ग्रंथात भेटलेला नाही. त्यांच्या खोलीत दिवा घटामुळे विझत नाही. इथे दिवा विझतो तो घट दिसल्यामुळेच. प्रत्येक यशस्वी दर्शन पुढच्या क्षणापुरता अंधार करतं. त्यामुळे अंधार कुठेही सारखा पसरलेला नसतो. जिथे पाहण्यासारखं जास्त, तिथेच तो दाट. ताऱ्याची चमक वर चढते त्या क्षणी जास्त फोटॉन हुकतात, उतरते तेव्हा कमी. आलेखातले डोंगर खुजे होतात.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, त्यावर शोध उभे राहतात किंवा कोसळतात. अमेरिकेच्या आरएक्सटीई या उपग्रहाने १९९६ साली न्यूट्रॉन ताऱ्यांच्या प्रकाशात सेकंदाला शेकडो ते हजारावर आवर्तनांची लय दाखवून दिली. ही लय घड्याळासारखी नेमकी नसते. यादृच्छिक गोंगाटाच्या सपाट पातळीवर एखादा छोटा उंचवटा असावा तशी असते. आता फोटॉन निव्वळ यादृच्छिक येत असतील तर ती सपाट पातळी किती असावी हे गणित सांगतं. पण मृतकाळामुळे लागोपाठच्या दोन नोंदींत सक्तीचं अंतर पडतं, यादृच्छिकपणा थोडा शिस्तीत येतो, आणि ती पातळी खाली जाऊन किंचित लहरी होते. ही लहर नीट वजा केली नाही तर खरा उंचवटा बुडेल किंवा नसलेला दिसेल. म्हणून आरएक्सटीईचं मोठेपण सांगताना सव्वासहा हजार चौरस सेंटिमीटरांच्या आसपासचं क्षेत्रफळ आणि मायक्रोसेकंदाचं घड्याळ सांगून थांबू नये. त्याच्या माणसांनी आपला सुमारे दहा मायक्रोसेकंदांचा मृतकाळ किती बारकाईने ओळखून ठेवला होता, तेही सांगावं.

आता उलट बाजू. नासाची चंद्रा दुर्बीण १९९९ पासून अवकाशात आहे, सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाची. तिची चित्रं तुम्ही सगळ्यांनी पाहिली असतील. आमच्या घरी दिनदर्शिकेवर वर्षभर एक होतं. क्ष-किरणांत इतकी तीक्ष्ण नजर दुसरी नाही. पण तिचा मुख्य कॅमेरा सीसीडी जातीचा. पूर्ण चौकट वाचायला ३.२ सेकंद. तेवढ्यात कर्क तेजोमेघातला पल्सार पंच्याण्णव गिरक्या घेतो. आणि इथे नुसता मृतकाळ नाही, वेगळाच दोष आहे. त्या ३.२ सेकंदांत एकाच ठिकाणी दोन-दोन हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन पडले, तर कॅमेरा चार हजारांचा एक फोटॉन नोंदवतो. पाइल-अप म्हणतात. हुकणं ही गोष्ट वेगळी आणि ही वेगळी. इथे जे कधी नव्हतंच ते दिसतं. नैयायिक याला अन्यथाख्याती म्हणतील. लॅक्सपीसीत दोन उसळ्यांना एक म्हणणं सत्य होतं, इथे दोघांना एक म्हणणं भ्रम आहे. क्रिया तीच, बेरीज. फरक एवढाच की एका ठिकाणी बेरजेमागे झेनॉनचं ज्ञान आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी उसंत नाही. गंमत अशी की नजर जितकी तीक्ष्ण, फोटॉन तितके एकाच ठिकाणी गोळा होणार, आणि भ्रम तितका वाढणार. चंद्राच्या लोकांनी एक पळवाट ठेवली आहे : सीसीडीमधली ओळ सतत सरकवत राहायची. मग वेळ तीन मिलिसेकंदांच्या आत येते, पण चित्राची एक मिती जाते, उरते नुसती रेघ. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरही सीसीडीची एक क्ष-किरण दुर्बीण आहे. तिची चौकट २.४ सेकंदांची. एकाच उपग्रहावर एक डोळा चौकट पुरी करायला अडीच सेकंद घेणारा, दुसरा दहा मायक्रोसेकंदांचा. ही अडचण आहे असं नाही. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत.

दोन्ही एकत्र हवं असेल तर? याच प्रश्नावर युरोपात अथेना दुर्बिणीसाठी एक डिटेक्टर आखला गेला. ही दुर्बीण या शतकाच्या चौथ्या दशकाच्या उत्तरार्धात जायची आहे, म्हणजे आम्ही आराखड्याची समीक्षा करतोय हे लक्षात ठेवा. सीसीडीत प्रत्येक चौकोनातला विद्युतभार बादल्यांच्या साखळीसारखा एकाकडून दुसऱ्याकडे सरकवत काठापर्यंत न्यावा लागतो, म्हणून वेळ जातो. इथे प्रत्येक चौकोनातच एक ट्रान्झिस्टर आहे. भार त्याच्याखाली साठतो, आणि जागच्या जागी वाचला जातो. डेपफेट म्हणतात याला. कल्पना १९८७ सालची, केमर आणि लुट्झ यांची. वेगवान भाग अगदी छोटा ठेवलाय, चौसष्ट गुणिले चौसष्ट चौकोन, आणि तो दोन अर्ध्या भागांत एकाच वेळी वाचायचा. म्हणजे बत्तीस ओळी, ओळीमागे अडीच मायक्रोसेकंद. सगळी चौकट ऐंशी मायक्रोसेकंदांत.

एवढं करूनही प्रखर ताऱ्याला ते पुरत नाही. मग त्यांनी काय केलं? हा डिटेक्टर मुद्दाम केंद्रापासून पस्तीस मिलिमीटर बाजूला, म्हणजे आरशांचा प्रकाश जिथे एका बिंदूत येतो त्याच्या अलीकडे-पलीकडे ठेवायचं ठरवलं. बारा मीटर केंद्रांतराचा, अत्यंत महागडा आरसा घडवायचा, आणि त्याने जमवलेला प्रकाश जाणूनबुजून फिसकटवायचा. का, तर फोटॉन जास्त चौकोनांवर विखुरले की एका चौकोनात दोघे सापडण्याची शक्यता घटते. भाच्याने हे सांगितलं तेव्हा आम्ही म्हटलं, अरे, हा तर पराभव झाला. तो म्हणाला, "नाही मामा. याला डिझाइन म्हणतात."

त्याचं बरोबर आहे, तरी आमचा एक आक्षेप शिल्लक राहतो. विखुरल्याने भ्रम दुर्मिळ होतो, नाहीसा होत नाही. चौकटीचा विचारच कायम राहतो. ऐंशी मायक्रोसेकंदांत दोघे एका चौकोनात आले तर त्यांचा एकच होणार. शिवाय जास्त चौकोन म्हणजे पार्श्वभूमीचा गोंगाटही जास्त. प्रखर ताऱ्यासाठी हे चालेल, मंद ताऱ्यासाठी नाही.

याच्याशी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर असलेल्या नायसरची तुलना करून बघा. त्यांनी चित्राचा नादच सोडला. छप्पन्न छोटे प्रकाश गोळा करणारे नळे, प्रत्येकाखाली सिलिकॉनचा एक सुटा डिटेक्टर. त्याची रचना अशी की फोटॉन कुठेही पडो, भार घरंगळत मधल्या एका इवल्याशा टोकाकडे येतो. टोक इवलं म्हणून गोंगाट कमी, नोंद जलद. फोटॉनची वेळ तीनशे नॅनोसेकंदांपेक्षाही बारीक. गर्दी छप्पन्न कंडक्टरांत वाटून दिली, इतकं सरळ. २०१९ साली त्यांनी एका पल्सारची त्रिज्या तेरा किलोमीटरांच्या आसपास ठरवली. आठवतो ना तो राजगिऱ्याचा दाणा? त्याचं माप काढलं, चित्र न काढता. आम्हाला ही रचना अथेनाच्या वेगवान डिटेक्टरपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते, कारण काय सोडलं ते ती लपवत नाही. तिचीही किंमत आहेच. शेजारी दुसरा स्रोत असेल तर कोणाचा फोटॉन कोणता हे तिला कळत नाही. आणि मे २०२३ मध्ये तिच्या वरच्या पातळ पडद्यांना इजा होऊन सूर्यप्रकाश आत शिरायला लागला, तेव्हा दिवसा बरंच निरीक्षण थांबवावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये अंतराळवीराने बाहेर जाऊन ठिगळं लावली. ठिगळं हाच शब्द योग्य आहे.

आता आपल्या पेट्यांकडे परत, कारण खरं बोलायचंय ते तिथे. लॅक्सपीसीच्या तीनपैकी एका पेटीतून वायू गळत होता. उड्डाणानंतर लवकरच ते कळलं. वायू कमी झाला की तीच ऊर्जा वेगळ्या उंचीची उसळी देते, म्हणजे मोजपट्टीच हळूहळू आकसते. ती पेटी २०१८ मध्ये बंद करावी लागली, आणि दुसऱ्या एकीचं वागणंही त्याच वर्षापासून बिघडलं. हे ऐकून आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात. एक, 'बघा, आपल्याला जमत नाही.' दुसरी, 'कशाला बोलायचं त्यावर, यशाबद्दल बोलू.' दोन्ही आम्हाला सारख्याच आळशी वाटतात. त्या पेटीतली घनता कशी उतरत गेली याचा हिशेब तिथल्या मंडळींनी ठेवला. अंतिया आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली या तिन्ही पेट्यांच्या मापनशुद्धीचा जो सविस्तर लेख छापला, त्यात मृतकाळ, गळती, पार्श्वभूमी सगळं मांडलेलं आहे. बदलत्या वायूनुसार बदलती मोजपट्टी त्यांनी वापरणाऱ्यांच्या हाती दिली. गळणारी पेटी, पण किती गळते ते माहीत असलेली. अशा पेटीच्या साक्षीला किंमत असते. न गळणारी पण जिचा मृतकाळ कोणी मोजलेला नाही अशी पेटी आम्हाला दिली, तर आम्ही तिची साक्ष घेणार नाही.

आणखी एक गुण, तोही न गाजलेला. आरएक्सटीईच्या काळी जमिनीवर माहिती पाठवण्याची क्षमता तोकडी होती. प्रखर ताऱ्यासाठी काळ बारीक हवा की ऊर्जा बारीक हवी हे निरीक्षकाला आधीच ठरवून द्यावं लागे, उरलेलं वरच टाकून दिलं जाई. वर टाकलेलं पुन्हा विचारता येत नाही. लॅक्सपीसी नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक घटना, तिची वेळ, तिची ऊर्जा, तिचा थर, सगळं खाली पाठवतो. ज्याला वाटेल त्याने दहा वर्षांनी नवा प्रश्न घेऊन तीच घटनांची यादी उघडावी. ती माहिती इस्रोच्या भांडारात खुली आहे, आणि आपल्या महाविद्यालयांतले विद्यार्थीही ती उघडू शकतात. त्यांच्यापैकी कितींना अनुपलब्धी हा शब्द माहीत असेल? आणि आमच्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांपैकी कितींना मृतकाळ? दोन्ही विभाग पुष्कळ ठिकाणी एकाच इमारतीत, एकाच जिन्याच्या दोन बाजूंना असतात. आम्ही तो जिना नोकरीची सगळी वर्षं चढलो-उतरलो, आणि समोरच्या दारात कधी डोकावलो नाही.

तर त्या श्रोत्यांचा प्रश्न, प्रत्यक्ष की अनुमान. आमचं आजचं उत्तर असं : नोंद झालेल्या फोटॉनबद्दल हा वाद घालत बसण्यात फारसं हशील नाही, प्रत्यक्ष म्हणा हवं तर. पण नोंद न झालेल्याबद्दल यंत्र काय सांगू शकतं, तिथे मात्र यंत्रायंत्रांत फरक करावा लागेल, आणि तो यंत्राच्या जातीवरून ठरणार नाही. त्याच्या मृतकाळाचा हिशेब कोणी आणि किती नीट ठेवला, यावरून ठरेल. हे नैयायिकांना कितपत मान्य झालं असतं याबद्दल आमच्याच मनात शंका आहे. योग्यतेची अट त्यांनी सहकारी कारण म्हणून ठेवली, आम्ही ती मधोमध आणून बसवतोय. मीमांसेचे जाणकार इथे दोघे-तिघे बसलेले दिसतात, त्यांनी पहिल्यांदा बोलावं. माइक तिकडे द्या.